दिनविशेष – २३ ऑगस्ट : शातियाँच्या स्त्रियांची सेवासंघटना

पूर्व फ्रान्समधील शातियाँ-ले-दोंब या गावातल्या काही कॅथलिक स्त्रिया गरीब आजाऱ्यांच्या सेवेसाठी १६१७ साली आजच्याच दिवशी एकत्र आल्या. आधीच्या रविवारी गावचे धर्मगुरू विन्सेंट डी पॉल यांनी प्रवचनात एका कुटुंबाची हकिगत सांगितली होती : सगळे घर अंथरुणाला खिळलेले आणि बघायला कोणी नाही. त्या दिवशी अन्न घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागली. आज इतके आले, पण उद्या काय, हा प्रश्न विन्सेंट यांना पडला. मग स्त्रियांनी पाळ्या लावून घेतल्या. रोज एकीने स्वयंपाक करायचा आणि स्वतः नेऊन भरवायचा.

त्याच वर्षी लिहिलेल्या नियमांतला एक फार मोलाचा आहे. ज्याच्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे, एकट्या रुग्णाकडे शेवटी. म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. इतक्या बारकाईने दुसऱ्याचा विचार करणारी नियमावली विरळाच.

पुढे पॅरिसच्या उमराव घराण्यांतील स्त्रियांनीही हे काम हाती घेतले. १६३३ मध्ये लुईज द मारिलाक यांच्या साथीने ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा भगिनीसंघ उभा राहिला. शातियाँची मूळ संघटना आज ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ चॅरिटीज’ या नावाने अनेक देशांत कार्यरत आहे.