महागाईत गावाची खरेदी : औंध, सातारा आणि सांगली

आजचा विषय ऐकायला रूक्ष वाटेल. गावाच्या आणि जिल्ह्याच्या संस्था वस्तू कशा विकत घेतात? शाळेची कौलं, रस्त्याची खडी, दिवाबत्तीचं घासलेट. भाव स्थिर असतात तोवर हा हिशेबनिसाचा विषय असतो. भाव चढायला लागले की तोच न्यायाचा विषय होतो. कारण खरेदी लांबली की नुकसान ठरलेलं. मग ते सोसायचं कुणी, एवढंच उरतं.

आधी भूगोल स्पष्ट करू. 1949 पूर्वी सांगली नावाचा जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे होते : सांगली, मिरज, जत, औंध. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.

आता उत्पन्नाची बाजू बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात लोकल फंड सुरू झाला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातून रस्ते व शाळा चालवायच्या. साधारण दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना. 1884 च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली, तीही याच पैशावर. पुढे हा कर वाढवण्याची मुभा मिळाली, पण पाया शेतसाराच राहिला. आणि शेतसारा ठरायचा तीस-तीस वर्षांच्या बंदोबस्ताने, रोख रकमेत.

इथेच मेख आहे. उत्पन्न तीस वर्षांसाठी बांधलेलं आणि खर्च दर बाजाराला बदलणारा. 1914 ते 1920 या काळात हिंदुस्थानातले भाव जवळजवळ दुप्पट झाले. बोर्डाच्या वहीत रुपये तेवढेच दिसत होते, पण त्या रुपयांत निम्मीच खडी येत होती. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी कायदा मोडला नाही, तरी रस्ता निम्माच झाला. अशा वेळी बोर्डाचा सभासद काय करणार? दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलणार. पुढच्या वर्षी भाव आणखी चढलेले असतात. पुढे ढकलणं हाही एक निर्णयच आहे, फक्त त्याखाली कुणाची सही नसते.

आता औंधकडे वळू. बहात्तर गावांचं छोटं संस्थान, औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असं विखुरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींशी सल्लामसलत करून एक राज्यघटना तयार केली. 21 जानेवारी 1939 रोजी ती लागू झाली. गावोगाव निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुका समिती, वर विधिमंडळ. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे गावच्या वसुलीतला मोठा वाटा गावानेच आपल्या कामांवर खर्च करायचा होता.

घटना आली जानेवारीत आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटलं. ऑगस्ट 1939 चे घाऊक भाव शंभर धरले, तर युद्ध संपेपर्यंत ते दोनशे चव्वेचाळीसच्या आसपास गेले. म्हणजे पंचायतीच्या शंभर रुपयांत जुन्या भावाने एक्केचाळीस रुपयांचा माल. शिवाय पैसे असूनही वस्तू मिळेनात. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारं घासलेट व तांदूळ आटले. लोखंड, सिमेंट, कागद, कापड यांच्यावर नियंत्रणं आली, परवान्याची चिठ्ठी आली. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता, पण त्यात घालायचं काय? शाळेच्या पाट्या-पुस्तकांचीही तीच गत.

अशा वेळी गाव काय करू शकतं? बाजारातून घ्यायच्या वस्तू कमी करायच्या आणि गावात आहे ते वापरायचं. दगड गावचा, माती गावची, हात गावचे. शाळा आणि विहिरी यांसाठी श्रमदान हा औंधच्या प्रयोगाचा कणा होता. त्यात एक मोठा गुण होता. घेणारा आणि वापरणारा एकच असल्यामुळे विलंबाची किंमत लगेच दिसायची. छप्पर पावसाळ्याआधी झालं नाही तर भिजणारं पोर पंचाच्याच घरचं. तालुक्याच्या कचेरीत ही घाई पोचत नाही.

पण इथे थांबून चालणार नाही. श्रमदान स्वस्त का पडतं? कुणाच्या तरी मेहनतीची किंमत आपण लावत नाही म्हणून. आणि आपल्या गावांत ही मेहनत सगळ्यांच्या वाट्याला सारखी कधीच आली नाही. ज्या डॉ. आंबेडकरांचं शालेय नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, त्यांनीच 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. तुटपुंज्या मोबदल्यात सरकारी आणि गावकीची कामं रात्रंदिवस करायची, असं ते वतन होतं. हा इतिहास असताना 'सगळ्यांनी मिळून राबू या' हे वाक्य प्रत्येकाच्या कानाला सारखं लागत नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना किंमत आणि मूल्य यांतला फरक शिकवायची सवय असते. इथे तो फरक भाकरीइतका साधा आहे : खर्च वहीत दिसला नाही, तरी तो कुणाच्या तरी पाठीवर असतो.

याच्यावरचं उत्तरही याच मातीतून आलं. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, आणि कामाला रोख मजुरी, ही त्यांची कल्पना. तिचे पहिले प्रयोग तासगाव तालुक्यात झाले, आणि 1972 च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. धान्य महाग, काम नाही, आणि लगेच पाठोपाठ 1973 चा तेलाचा भडका. अशा काळात शासनाने प्रामुख्याने काय विकत घेतलं? माणसांचे श्रम. योजनेत मजुरीचा वाटा निदान साठ टक्के राखला गेला. पैसा कुठून आणायचा, तर 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने भरायचा आणि गावातल्या मजुराला मिळायचा. 1977 मध्ये कायदा झाला, 1979 च्या प्रजासत्ताकदिनी अंमल सुरू झाला. औंधने श्रम फुकट धरले होते, पागे यांनी त्यांना दर लावला. आमच्या मते या दोन जिल्ह्यांनी खरेदीच्या इतिहासात घातलेली सगळ्यात मोठी भर हीच.

आता आजचं. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आहेत, आता ऑनलाइन निविदा आहेत. रीत अशी की दरसूचीवरून अंदाजपत्रक, मग निविदा, मग सगळ्यात कमी दराला काम. ही रीत चोर पकडायला तयार झाली आहे, आणि ते कामही गरजेचं आहेच, यात शंका नाही. पण भाव थांबलेले आहेत असं ती मनात धरते. युक्रेनच्या युद्धानंतर 2022 मध्ये पोलाद आणि इंधन उसळलं, तेव्हा जुन्या दरसूचीवरचं अंदाजपत्रक कागदावर बरोबर आणि जमिनीवर खोटं ठरतं. ठेकेदार एकतर अर्ध्यात सोडतो, नाहीतर माल हलका वापरतो. भाववाढीचं कलम करारात असलं तर निदान उघड बोलणं होतं. नसलं तर तोटा गुपचूप पाईपच्या जाडीत जाऊन बसतो.

म्हणून एवढं सांगतो. ग्रामसभेला जा. कमीत कमी दर कुणाचा, हे विचाराच, पण आणखी तीन गोष्टी विचारा. हा अंदाज कोणत्या साली केला? उशीर झाला तर वाढीव खर्च कोण भरणार? आणि जे काम 'स्वस्तात झालं' म्हणता, ते कुणाच्या श्रमावर? ही तीन उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. लोकल बोर्डाच्या काळात पुढे ढकलण्याच्या निर्णयाखाली सही नसायची. आज ती असायला हवी.

पुढच्या व्याख्यानात आपण याच परिसरातल्या सहकारी सोसायट्यांकडे वळू.