कुऱ्हाडीचा दांडा आणि बॅटरी

परवा न्यू जर्सीहून आतेभावाचा व्हिडिओ आला. घरामागच्या मेपलची वादळात मोडलेली फांदी तो बॅटरीवरच्या चेनसॉने कापतोय. पेट्रोल नाही, दोरी ओढून इंजिन चालू करणं नाही. बटण दाबलं की साखळी फिरायला लागते, थोड्या वेळात फांदीचे ओंडके, आणि मग हा पायरीवर बसून कॉफी पितोय. खाली प्रश्न: "मुलुंडला सोसायटीत एक घेऊन टाका ना, दरवर्षी मे महिन्यात ती रडारड कशाला?"

उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं, ब्लॉगवरच टाकावं. (आत्या, तू वाचत असशील तर त्याला सांग, डोळ्यांना चष्मा लाव म्हणावं. व्हिडिओत दिसत नव्हता.)

सुरुवात यंत्रापासून करतो, कारण त्याची गोष्ट भलतीच मजेशीर आहे. चेनसॉची पहिली आजी लाकडासाठी जन्मलीच नव्हती. १७८० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या दोन डॉक्टरांनी एक बारीक दातेरी साखळी वापरात आणली. दोन टोकांना दोन मुठी, आणि काम काय, तर अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या हाडांचा सांधा मोकळा करायचा. आणि भुलीचं औषध यायला अजून साठेक वर्षं होती! १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हीच साखळी एका पातीभोवती बसवून हँडलने फिरवली. आजच्या चेनसॉचं चित्र आणि त्या हाड कापायच्या उपकरणाचं चित्र शेजारी ठेवा, घराण्याचं नाक लगेच ओळखू येतं.

लाकडाकडे ही साखळी वळली ती थेट विसाव्या शतकात. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये जे यंत्र काढलं ते विजेवर चालणारं होतं आणि वजन ६४ किलो. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरायचं. पण जंगलात वीज कुठून आणणार? म्हणून १९२९ मध्ये पेट्रोलचं आलं. एकट्या माणसाला पेलेल असं, साधारण १६ किलोचं, १९५० मध्ये. म्हणजे आधी वीज, मग पेट्रोल आणि आता बॅटरीच्या रूपाने परत वीज.

मधला एक टप्पा सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी बघत बसला. ती अळी जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं कुरतडत सरळ पुढे जात होती. याने साखळीचे दात तसेच केले, एक डावा एक उजवा. आज कुठलीही चेनसॉ बघा, तीच अळी आत बसलेली आहे. त्यानंतर लिथियम-आयन बॅटरी, जी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. आधी कॅमेऱ्यात, मग फोनमध्ये आणि हळूहळू बागेच्या हत्यारांत. ६४ किलोपासून निघालेली गाडी आता फांद्या छाटायच्या छोट्या चेनसॉपर्यंत आली आहे, जी एका हातात मावते.

आता आपल्याकडे येऊ.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण फितूर माणसाबद्दल वापरतो. पण तिच्यात एक साधी वस्तुस्थितीही आहे. कुऱ्हाडीला झाडाचाच दांडा लागतो, आणि दांड्याला माणसाचा हात. त्या हाताचं महत्त्व किती होतं ते ठाणे जिल्ह्याने १९४६ मध्ये पाहिलंय. उंबरगाव, डहाणू, पालघर, जव्हार भागातले वारली तेव्हा गवत कापायचे आणि ठेकेदारांसाठी जंगलात झाडं तोडायचे. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने गवताच्या मजुरीबरोबर जंगलातल्या कामासाठी सव्वा रुपया रोजाची मागणी केली. वारल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. शेवटी लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला सव्वा रुपया कबूल करावा लागला. (गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.)

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तो संप यशस्वी झाला, कारण झाड पाडायला माणसं लागायची, तीही पुष्कळ. त्यांनी नाही म्हटलं तर जंगल उभं राहायचं.

उपनगरातही तेच होतं, छोट्या प्रमाणावर. साष्टी बेटावरची ही गावं दोन हप्त्यांत बृहन्मुंबईत आली, १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ मध्ये बोरिवली, दहिसर, मुलुंडची. वाड्या गेल्या, इमारती आल्या, पण आवारात आंबा, जांभूळ, शेवगा, माड राहिले, आणि बिल्डरांनी गुलमोहर, पेल्टोफोरम लावले. माझ्या लहानपणी मुलुंडला एखादं झाड काढायचं म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम असायचा. एक माणूस दोर घेऊन वर, कोयत्याने फांद्या उतरवायचा, मग खोडाला दोघांची करवत. दुपारपर्यंत सगळ्या आळीला बातमी, कुणाची तरी आजी गॅलरीतून ओरडणार, कुणीतरी ऑफिसातून सेक्रेटरीला फोन करणार. एकदा तर अर्धं झाड उतरल्यावर भांडण मिटलं आणि ते झाड तसंच राहिलं, वेडंवाकडं, पुढे बरीच वर्षं.

महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांचं जतन करणारा कायदा १९७५ चा. आतेभावाला हे सगळ्यात विचित्र वाटेल, पण इथे आवार तुमचं असलं तरी झाड तोडायचा निर्णय तुमचा नाही. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, पाहणी होणार, हरकती मागवणार, मग परवानगी. 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं, झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं येतं. झाड मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जिवाला धोका असलेलं असेल तर परवानगी नाकारायची नाही, हेही त्यातच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला.

कायदा वाईट नाही. पण मी जितका त्याचा विचार करतो तितकं वाटतं, की हा कायदा हाताच्या करवतीच्या वेगाने लिहिलाय. अर्ज, पाहणी, नोटीस, हरकत, पंधरा दिवस, कोर्ट... या सगळ्यात गृहीत धरलंय की कुणी घाई केलीच, तरी झाड पडायला वेळ लागेल आणि तेवढ्यात कुणीतरी पोचेल.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोरेगावच्या आरे कॉलनीत काय झालं ते आठवा. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे हलवायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्टला मंजुरी दिली होती. शुक्रवार, ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यंत्रं सुरू झाली. लोक धावले, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. परवानगीनंतरचे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद चालू होता, आणि तिकडे साखळ्या फिरत होत्या. रविवारी विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सोमवारी, ७ तारखेला, सुट्टी असूनही सर्वोच्च न्यायालयाचं खास खंडपीठ बसलं आणि तोड थांबवली. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती.

आता जरा गणित करू. समजा हे काम हाताच्या करवतीने करायचं असतं, आणि एका जोडीने दिवसाला पाच झाडं पाडली असती (हा माझा सढळ हाताने केलेला अंदाज). शंभर जोड्या लावल्या तरी चार दिवसांहून जास्त लागले असते. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ म्हणजे अडीच दिवस. साधारण नऊशे झाडं कोर्टाच्या आदेशाच्या वेळी उभी असती. कोर्ट तितकंच लवकर किंवा तितकंच उशिरा आलं असतं. फरक फक्त हत्याराचा.

मेट्रोची बाजू मला कळत नाही असं नाही. मी रोज लोकलला लटकलेला माणूस आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी टप्प्याचं उद्घाटन झालं, तेव्हा मलाही बरं वाटलं. भांडण मेट्रो हवी की नको याचं नाहीच, निर्णयावर दाद मागायला जो वेळ ठेवलेला असतो तो कुठे गेला, याचं आहे. (आणि एक योगायोग बघा. आरेतली तोड थांबल्यावर दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, लिथियम-आयन बॅटरीच्या तीन शिल्पकारांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. नोबेल योग्यच होतं. पण मला तो आठवडा त्यामुळे जास्तच लक्षात राहिला.)

अर्थात संथपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती मांडली नाही तर अन्याय होईल. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने चाललेल्या दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेवर माड कोसळला आणि त्यात त्या गेल्या. ते झाड काढायची परवानगी रहिवाशांनी आधी मागितली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. अशा वेळी 'हळू चला' म्हणणं सोपं नाही. आणि १७ मे २०२१ चं तौक्ते वादळ! मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडं त्या एका तडाख्यात पडली. आमच्या गेटावर पेल्टोफोरम आडवा, आत एका आजोबांना डायलिसिसला न्यायचं, आणि अग्निशमन दलाचे जवान आले ते चेनसॉ घेऊनच. दहा-बारा मिनिटांत रस्ता मोकळा. त्या दिवशी कुणी मला करवतीच्या संथपणाचं कौतुक ऐकवलं असतं तर मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नसतं.

त्या वादळानंतरच आमच्या सोसायटीने बॅटरीची चेनसॉ घेतली. होय आतेभाऊ, आहे आमच्याकडे! चाळीस व्होल्टची, बॅटरी धरून चार किलोच्या आसपास. पडलेल्या फांद्या कापायला उत्तम. बॅटरीवर चालते म्हणून साखळीला तेल लागत नाही असं समजू नका, ते लागतंच. पातीचं टोक लाकडात टेकलं की यंत्र उसळी मारून अंगावर येतं, म्हणून खांद्याच्या वर धरायची नाही आणि शिडीवर चढून तर मुळीच वापरायची नाही. माडाच्या खोडावर ती हरते. आतले तंतू साखळीत गुंततात आणि दात बोथट होतात. तिथे अजून कोकणातल्या पाडेल्यासारखा वर चढणारा माणूस आणि त्याचा कोयताच लागतो, याचा मला उगाच आनंद होतो.

पण एक गोष्ट घेताना कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती म्हणजे आवाज. पेट्रोलची चेनसॉ सुरू झाली की चार इमारतींना कळतं, कुणीतरी वॉर्ड ऑफिसला फोन लावतं. आपल्याकडे झाडांचा खरा पहारेकरी म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधले रिकामटेकडे काका. ही बॅटरीवाली त्या मानाने पुष्कळ शांत. मागच्या मे महिन्यात, रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, पार्किंगवर सावली (आणि पक्ष्यांची शिट) पाडणाऱ्या जांभळाच्या दोन जाड फांद्या उतरल्या. संध्याकाळी खाली आलो तेव्हा भुसासुद्धा झाडून झाला होता. मुंबईत २०१८ च्या गणनेत पावणेतीस लाखांच्या घरात झाडं मोजली गेली. त्यातल्या कितींच्या फांद्या अशा रविवार दुपारी गेल्या असतील, ते कुठल्या गणनेत येणार?

पुढच्या मीटिंगमध्ये बरीच वादावादी झाली. ज्यांनी फांद्या तोडल्या ते म्हणाले, फांदीच तर होती. मी १९७५ च्या कायद्यातली 'तोडणे'ची व्याख्या वाचून दाखवली, त्यामुळे मी आता सोसायटीत फारसा लोकप्रिय नाही. शेवटी तोडगा निघाला तो सेक्रेटरीकाकूंच्या डोक्यातून. चेनसॉ पंपाच्या खोलीत राहील, पण तिची बॅटरी काकूंच्या घरी, कपाटात. जमिनीवर पडलेली फांदी असेल तर वॉचमन रजिस्टरमध्ये सही करून बॅटरी नेईल. झाडावरची फांदी असेल तर पालिकेच्या उद्यान विभागाचं पत्र आधी काकूंना दाखवायचं आणि ते आठ दिवस नोटीस बोर्डवर लावायचं.

गेल्या पावसाळ्यात बॅटरी चार वेळा बाहेर आली, चारही वेळा पडलेल्या फांद्यांसाठी. जांभळाला कापल्या जागी कोवळी पालवी आली आहे. पार्किंगवाल्यांनी उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज केलाय, पाहणीची तारीख अजून यायची आहे.