बोट आली, कायदा राहिला

नॉर्वेने परदेशाला विकासासाठी म्हणून दिलेली पहिली मदत केरळच्या किनाऱ्यावर उतरली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. १७ ऑक्टोबर १९५२ रोजी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी तत्कालीन त्रावणकोर-कोचीन राज्यात, क्विलॉन म्हणजे आजच्या कोल्लम शहरालगतच्या नींदकरा, शक्तिकुळंगरा आणि पुत्तनतुरा या मच्छीमार वस्त्यांत कामाला आरंभ झाला. मच्छीमार कुटुंबाला सरकारने कशी मदत करावी, या प्रश्नाचा आपल्या देशातला पहिला मोठा प्रयोग म्हणून या प्रकल्पाकडे पाहता येते. आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा रकमेभोवती फिरते: अनुदान किती टक्के, डिझेलवरचा कर परत मिळाला की थकला, वादळानंतरची भरपाई कधी येणार. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. पण प्रस्तुत लेखापुरते मला मदतीच्या आकड्यापेक्षा तिचे रूप अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्यासाठी आधी नॉर्वेतच जाऊन यावे लागेल.

उत्तर नॉर्वेतील लोफोटेन बेटांजवळ दर हिवाळ्यात कॉड मासा अंडी घालण्यासाठी येतो. १८९० सालच्या मार्च महिन्यात तिथल्या ट्रोल्फ्योर्ड या चिंचोळ्या खाडीत कॉडचे प्रचंड थवे शिरले. वाफेवर चालणाऱ्या काही जहाजांच्या मालकांनी खाडीचे तोंड जाळ्यांनी अडवले आणि आत जायचे तर पैसे मोजा, असा पवित्रा घेतला. वल्ह्यांच्या होड्या घेऊन आलेले शेकडो मच्छीमार त्या जहाजांवर चालून गेले आणि मारामारी झाली. इतिहासात ही घटना ‘ट्रोल्फ्योर्डची लढाई’ म्हणून ओळखली जाते. तिच्यानंतर तशा जाळ्यांना लोफोटेनच्या मासेमारीत कायद्याने बंदी झाली. भांडवल मोठे म्हणून समुद्रही मोठ्याचा, हे तत्त्व मान्य करायचे नाही, असा कौल तिथल्या संसदेने एकोणिसाव्या शतकातच दिला होता.

पण जहाजवाल्यापेक्षा चिवट शत्रू किनाऱ्यावरच होता. मासा ही वस्तू थांबत नाही. पकडल्यावर काही तासांत विकावीच लागते, आणि घेणारा गावात एकच असेल तर भाव तो म्हणेल तो. शिवाय जाळी, दोर, मीठ, पीठ हे सारे त्याच व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतलेले असायचे. उत्तर नॉर्वेचा मच्छीमार बहुधा अर्धा शेतकरीही असे. तो समुद्रावर गेला की दोनचार गाई आणि गवताचा तुकडा घरातली बाई सांभाळी. या जोडधंद्यावर ही कुटुंबे तगून होती. १९२० नंतर मासळीचे भाव कोसळले तेव्हा तेवढ्यानेही भागेना. मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना १९२६ साली स्थापन झाली, १९३५ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, आणि १९३८ साली कच्च्या मासळीच्या विक्रीचा कायदा झाला.

या कायद्याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. त्याने मच्छीमाराच्या हातात पैसा ठेवला नाही. मासळीची पहिली विक्री, म्हणजे होडीतून धक्क्यावर येतानाची विक्री, मच्छीमारांच्याच विक्रीसंघामार्फत झाली पाहिजे एवढेच त्याने सांगितले. किमान भाव खरेदीदारांशी बोलून ठरवायचा, आणि एकमत झाले नाही तर विक्रीसंघाने ठरवायचा. त्याखाली व्यवहार करणे बेकायदा. धक्क्यावरच्या ज्या क्षणी मच्छीमार सर्वांत दुबळा असतो, नेमक्या त्या क्षणी कायदा त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. पुढे १९५१ साली दुसरी गोष्ट घडली. मासेमारीच्या बोटीची मालकी प्रत्यक्ष मासे धरणाऱ्यांच्याच हाती असावी, बाहेरच्या पैशाने ती विकत घेऊ नये, असा कायदा झाला. मराठी वाचकाला हे सांगायला एक तयार घोषणा आहे. ‘कसेल त्याची जमीन’ आपण ऐकलेले आहे. नॉर्वेने ‘जाळे टाकील त्याची बोट’ असे म्हटले. पळवाटा त्यातही होत्या. प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना ट्रॉलर बाळगण्याची सवलत मिळत गेली. परंतु नियम काय आणि अपवाद काय, हे स्पष्ट होते.

पैशाची मदत त्यानंतर आली. १९६४ च्या करारानुसार सरकार आणि मच्छीमार संघटना दरवर्षी समोरासमोर बसून अनुदान ठरवू लागल्या. ते अनुदान फुगत गेले आणि नव्वदच्या दशकात आटले. दोन्ही कायदे मात्र, नावे आणि कलमे बदलून का होईना, टिकले. विक्रीसंघाचा कायदा २०१३ साली नव्या रूपात आला तरी त्याचा गाभा तोच राहिला.

आता पुन्हा नींदकऱ्याला येऊ. १९५१ चा कायदा करणाऱ्या देशाने १९५२ मध्ये भारताशी करार केला. त्या जहाजांतून काय आले? इंजिने आली, बोटींचे आराखडे आले, बर्फाचा कारखाना आला. वस्त्यांत पिण्याचे पाणी आणि आरोग्यकेंद्र आले, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. स्थानिक लाकडी होड्यांवर इंजिन बसवण्याचा पहिला प्रयत्न जमला नाही, म्हणून नव्या छोट्या यांत्रिक बोटी बांधल्या गेल्या. सहकारी संस्था काढून पाहिल्या, त्या रुजल्या नाहीत. आणि मग कोळंबी सापडली. एरवी वाळवून ब्रह्मदेशाकडे जाणारी ही स्वस्त वस्तू १९५३ पासून गोठवून अमेरिकेला जाऊ लागली होती. साठच्या दशकात तिचा भाव असा चढला की समुद्राच्या तळावरून जाळे ओढणारी ट्रॉल बोट म्हणजे नोटा छापण्याचे यंत्र वाटू लागले. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना अधिक आणि स्वस्त मासे मिळावेत म्हणून सुरू झालेला प्रकल्प पाहता पाहता निर्यातीचा झाला. १९७२ मध्ये तो संपला. त्याच वर्षी सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी केंद्राचे स्वतंत्र प्राधिकरण कोचीनला स्थापन झाले, हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे.

या प्रकल्पाने सगळ्यांचेच नुकसान केले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आर्ने मार्टिन क्लाउसेन या नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञाने १९६८ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की शेजारशेजारच्या दोन वस्त्यांत परिणाम वेगळे झाले: शक्तिकुळंगऱ्याच्या कॅथलिक मच्छीमारांनी यांत्रिक बोट लवकर आपलीशी केली, पुत्तनतुऱ्याचे हिंदू अरयर मागे राहिले. लीला गुलाटी यांनी शक्तिकुळंगऱ्याच्या स्त्रियांचा अभ्यास केला. हाताने जाळी विणण्याचे त्यांचे काम गेले, पण कोळंबी सोलण्याचे आणि तिच्या व्यापाराचे काम वाढले. त्या एका वस्तीत काही कुटुंबे खरोखर वर आली. पण किनाऱ्याचे चित्र निराळे होते. जॉन कुरियन यांनी १९८५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या साऱ्याचा जो हिशेब मांडला, त्यात व्यापारी आणि निर्यातदारांचे भांडवल बोटींत कसे शिरले हे वाचायला मिळते. अनुदानित बोट घ्यायला हरकत कोणालाच नव्हती, कारण बोट कोणी घ्यावी याचा कायदा नव्हता. मासे कधी न धरलेला माणूस बोटीचा मालक झाला आणि मच्छीमार त्याच्या बोटीवर खलाशी झाला.

याचा दोष नॉर्वेला द्यावा काय? मला तसे वाटत नाही. परक्या देशाने येऊन मालकीहक्काचे कायदे करावेत, असे त्या काळच्या भारताने ऐकूनही घेतले नसते, आणि ते योग्यच होते. शिवाय नॉर्वेतले कायदे कोणी दान दिलेले नव्हते. ट्रोल्फ्योर्डपासूनची चाळीस-पन्नास वर्षांची भांडणे त्यांच्यामागे होती. प्रश्न आपल्या नियोजनकारांचा आहे. जमिनीबाबत कूळकायदे करणाऱ्या पिढीला समुद्राबाबत तसा विचार सुचला नाही. त्यांना समुद्रात दिसले ते टनांतले उत्पादन, आणि नंतर परकीय चलन. मच्छीमार हा ‘मागासलेली साधने वापरणारा’ म्हणून दिसला. उधारीत अडकलेला विक्रेता म्हणून त्याला कोणी पाहिलेच नाही.

मग जे व्हायचे ते झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॉलर आणि छोट्या होड्या यांच्यात उघड संघर्ष पेटला. १९८० साली केरळात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, १९८१ मध्ये फादर थॉमस कोचेरी यांचे उपोषण झाले, आणि १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलिंगवर बंदी येऊ लागली. दुसरीकडे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मरियनाडसारख्या गावांत मच्छीमारांनी आपल्या संस्था काढून वाळूवरचा लिलाव स्वतःच्या हातात घेतला. त्यातूनच दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ उभा राहिला. नॉर्वेचा १९३८ चा कायदा यांच्यासमोर होता असे नव्हे. दुखणे तेच होते, म्हणून औषधही तेच सुचले.

आपल्या किनाऱ्यावर नॉर्वेचे जहाज आले नाही, पण धोरण तेच आले. गोव्यात सत्तरच्या दशकात सरकारी साह्याने ट्रॉलर उतरले, ते बऱ्याच अंशी ज्यांचा मासेमारीशी पूर्वी संबंध नव्हता अशांच्या हाती. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीवर जगणाऱ्या रांपणकारांनी मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. रापण ही एका घराची वस्तू नव्हे. अनेक घरे मिळून ती ओढतात आणि आलेली मासळी वाट्यांनी विभागतात. तिला अनुदानाच्या अर्जात बसवणे अवघड असते, कारण अर्जाला एक मालक लागतो. मुंबई-ठाण्याच्या कोळीवाड्यांत तर पहिली विक्री परंपरेने बाईच्या हाती. नाखवा मासळी आणणार आणि भाव कोळीण करणार. बोट मोठी झाली, मासळी टनांनी आली, तशी ती टोपलीतून निघून दलालाच्या काट्यावर गेली. कोळिणीचा हा अधिकार कोणत्याही योजनेच्या कागदावर नसल्याने तो गेल्याची नोंदही कुठे झाली नाही.

गोव्याचा नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. महाराष्ट्रात सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. त्यावरून मालवण-रत्नागिरीकडे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात उडणारे खटके आपण वृत्तपत्रांतून वाचतो. हे कायदे कुठे, केव्हा आणि कोणत्या जाळ्याने मासे धरावेत ते सांगतात. बोटीचा मालक मच्छीमारच हवा, असे ते म्हणत नाहीत.

नॉर्वेतही सारे आलबेल राहिले असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिथे, जोडधंदा म्हणून मासे धरणारे धरून, लाखाच्या आसपास मच्छीमार होते. आज दहा हजारांच्या घरात आहेत. १९९० मध्ये कॉडसाठी बोटवार कोटा आला आणि नवख्या तरुणाला बोटीबरोबर कोट्याचीही किंमत मोजणे भाग पडू लागले. मालकीचा कायदा कुटुंबाला बाहेरच्या भांडवलापासून वाचवू शकला, पण शेजाऱ्याच्या मोठ्या होत जाणाऱ्या बोटीपासून वाचवू शकला नाही.

केरळने २०२१ साली मासळीच्या लिलावाचा कायदा केला. पहिल्या विक्रीतली मध्यस्थांची मनमानी मोडणे हा त्याचा हेतू. नॉर्वेनंतर ८३ वर्षांनी, आणि लिलावापुरताच. केंद्राच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत, एकूण २०,०५० कोटी रुपयांच्या, पारंपरिक मच्छीमाराला खोल समुद्रातली बोट घेण्यासाठी साह्य आहे. बोटीची धरलेली किंमत १ कोटी २० लाख, त्यात सर्वसाधारण अर्जदाराला ४० टक्के अनुदान. उरतात ७२ लाख. आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज शेतीच्या दराने, कर्ज शेतीच्या दराने, विमा शेतीसारखा, अशी त्या निर्णयाची यादी आहे. शेतीला १९४८ साली मिळालेल्या कूळकायद्यासारखे काही त्या यादीत नाही.