बरोबरीचे शंभर ठोसे

दोघं समोरासमोर उभे आहेत. पाय जमिनीत रोवलेले. खांद्यापासून पुढे हात दिसतच नाहीत, त्यांच्या जागी धूसर रेघांची गर्दी आहे. मध्यावर ठोशावर ठोसा आदळतोय. कोणाला लागत नाही, कोणी मागे सरत नाही. पाच-सात सेकंद हा पाऊस चालतो, मग दोघं उडी मारून लांब होतात आणि एकमेकांकडे बघून हसतात.

अॅनिमे बघणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघत मोठ्या झालेल्यांना तर तो पाठ असेल. बाहेरच्या माणसाला यात नुसता पोरकटपणा दिसतो. मला त्यात एक अवघड प्रश्न सोडवलेला दिसतो, आणि तोही कमी पैशात, कमी वेळात.

प्रश्न असा: ठोसा लागला की कोण वरचढ ते कळतं. मग कोणीच वरचढ नाही, हे ठोशांनी दाखवायचं कसं?

कुस्तीत हे सोपं आहे. दोन तोडीचे पैलवान एकमेकांना भिडतात, दोघंही जोर लावतात आणि कोणीच हलत नाही. बरोबरी डोळ्यांना दिसते. ठोशांचं तसं नाही. एक ठोसा म्हणजे एक निकाल. बरोबरी दाखवायची तर न लागलेले ठोसे दाखवावे लागतात, आणि तेही इतके की 'चुकून हुकला असेल' असं कोणी म्हणू नये. जपानी चित्रकारांना हे जमायला वीसेक वर्षं लागली.

एका चित्रातली बरोबरी

१९६८ साली जपानच्या 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकात 'अशिता नो जो' ही मांगा सुरू झाली. लेखक इक्की काजिवारा (इथे त्यांनी आसाओ ताकामोरी हे नाव घेतलं होतं), चित्रकार तेत्सुया चिबा. जो हा भटकत झोपडवस्तीत येऊन पडलेला उनाड मुलगा. सुधारगृहात त्याची गाठ रिकिइशी या बॉक्सरशी पडते आणि पुढे बराच काळ कथा या दोघांच्या चढाओढीभोवती फिरते.

जोचं हुकमी अस्त्र म्हणजे क्रॉस काउंटर. समोरच्याचा ठोसा येत असतानाच त्याच्या हातावरून आपला हात घालायचा. चित्रात दोन हात एकमेकांना छेदून जातात आणि दोन्ही मुठी दोन्ही चेहऱ्यांवर बसलेल्या दिसतात. बरोबरी दाखवायची ही पहिली युक्ती: दोन ठोसे, एकच क्षण, एकच चित्र.

पण या दोघांची बरोबरी आयती नव्हती. चिबांनी रिकिइशीला सुरुवातीला जोपेक्षा चांगलाच उंच आणि भारदस्त काढून ठेवलं होतं. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात, त्यामुळे हे दोघं रिंगणात समोरासमोर येणं शक्य नव्हतं. म्हणून कथेत रिकिइशी जोच्या गटात उतरण्यासाठी वजन घटवतो. अन्न सोडतो, पाणी सोडतो, सापळा होतो. सामना तोच जिंकतो, आणि जिंकल्यावर कोसळून मरतो. वाचकांना हे इतकं लागलं की २४ मार्च १९७० रोजी टोकियोत, प्रकाशक कोदानशाच्या इमारतीत, या काल्पनिक बॉक्सरचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शूजी तेरायामांनी तो घडवून आणला आणि सुमारे ७०० माणसं आली.

तोडीस तोड असण्याची किंमत काय असते, हे इथे स्पष्ट मांडलं गेलं होतं. वेगाचा मात्र पत्ता नव्हता. क्रॉस काउंटर हा एकच क्षण असतो, तो लांबवता येत नाही.

हाँगकाँगहून आलेला हात

वेग आला हाँगकाँगहून. ब्रूस ली तरुणपणी तिथे इप मॅन यांच्याकडे विंग चुन शिकला होता. त्या पद्धतीत साखळी ठोसे असतात. कोपर शरीराच्या मध्यरेषेजवळ, मूठ सरळ रेषेत पुढे, आणि एक हात परत येत असतानाच त्याच्यावरून दुसरा निघालेला. बॉक्सिंगच्या हुकसारखं वळण नाही, त्यामुळे अंतर कमी आणि मोकळा वेळ जवळजवळ शून्य. खरा माणूस हे करतो तेव्हाही एकेक ठोसा वेगळा दिसत नाही.

जुलै १९७३ मध्ये ली गेला आणि त्याच वर्षी 'एंटर द ड्रॅगन' जगभर झळकला. जपानमध्ये वर्षाअखेरीस तो लागला आणि कुंगफूची लाट आली. हाँगकाँगच्या सिनेमाची आणखी एक क्लृप्ती होती: कॅमेरा जरा हळू चालवायचा. सेकंदाला २० फ्रेम टिपायच्या आणि दाखवताना नेहमीप्रमाणे २४ दाखवायच्या. सेकंदभराची हालचाल पडद्यावर ०.८३ सेकंदात उरकते. प्रेक्षकाला फसवणूक कळत नाही, हात मात्र विजेसारखे वाटतात.

आठ चित्रांचं गणित

टीव्हीवरच्या अॅनिमेशनला हे परवडणारं नव्हतं. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुकांची 'अॅस्ट्रो बॉय' मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग आणि हातात तुटपुंजे पैसे. मग एक चित्र तीन फ्रेम दाखवायचं असं ठरलं. २४ भागिले ३, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. शिवाय एकदा काढलेली चित्रं जपून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची. पुढच्या टीव्ही अॅनिमेने हीच काटकसर उचलली.

आता यात ठोसे बसवून बघा. एका ठोशाला किमान दोन चित्रं लागणार, हात मागे आणि हात पुढे. म्हणजे सेकंदाला चार ठोसे. शंभर ठोसे दाखवायचे तर २५ सेकंद. पंचवीस सेकंद एकच माणूस सावकाश बुक्क्या मारतोय, हे बघायला कोण थांबेल?

उपाय असा निघाला की ठोसे दाखवायचेच नाहीत, ठोशांची गर्दी दाखवायची. एका धडाला पंधरा-वीस मुठी काढायच्या. अशी तीन-चार चित्रं केली की ती आलटून पालटून फिरवायची. प्रोग्रामरच्या भाषेत हा लूप झाला: कोड चार ओळींचा, चालेल हवा तितका वेळ.

१९८३ मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात 'होकुतो नो केन' सुरू झाली. लेखक बुरॉन्सन, चित्रकार तेत्सुओ हारा. अणुयुद्धानंतरचं ओसाड जग 'मॅड मॅक्स'कडून आलेलं, नायक केनशिरोची चेहरेपट्टी आणि किंकाळी ब्रूस लीकडून. त्याच्या गाजलेल्या डावाच्या नावातच 'शंभर' होतं: होकुतो ह्याकुरेत्सु केन. १९८४ मध्ये तोएई कंपनीने त्याची मालिका काढली आणि अकिरा कामिया या आवाजकाराने 'अतातातातता' अशी न तुटणारी आरोळी दिली. चित्रं लूपमध्ये फिरत होती, पण आवाज लूपमध्ये नव्हता. तो एका माणसाचा श्वास होता. ठोशांचा पाऊस किती वेळ पडला हे त्या श्वासावरून कळायचं.

पण केनशिरोचे शंभर ठोसे बहुतेक वेळा एकतर्फी असत. समोर एखादा गुंड आणि त्याच्यावर मशीनगन. बरोबरीसाठी समोरही तसेच हात हवे होते.

दुसऱ्या बाजूचे हात

'ड्रॅगन बॉल' १९८४ मध्ये त्याच साप्ताहिकात आली. अकिरा तोरियामा जॅकी चॅनच्या 'ड्रंकन मास्टर'चे (१९७८) मोठे चाहते होते. मांगातल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत क्रिलिन आणि वेष बदलून आलेले त्याचेच गुरू लढतात. एक झटापट इतक्या वेगात होते की कोणालाच काही दिसत नाही. मग निवेदक दोघांना विनंती करतो की काय झालं ते जरा समजावून सांगा. तेही सामना थांबवून प्रत्येक डाव सावकाश करून दाखवतात. त्या निमिषात त्यांनी चक्क दगड-कागद-कात्रीसुद्धा खेळून घेतलेली असते!

हा नुसता विनोद नाही. या वेगाच्या लढाईत प्रेक्षक आंधळा असतो. काय घडलं हे फक्त दोघांनाच माहीत असतं.

मग आला हिरोहिको अराकींचा 'जोजो'. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या मांगाच्या तिसऱ्या पर्वात (१९८९ ते १९९२) अराकींनी 'स्टँड' ही कल्पना आणली: माणसाच्या आत्मशक्तीने घेतलेलं रूप, त्याच्या बाजूला उभं राहून लढणारं. शेवटची लढाई कैरोत होते. जोतारोचा स्टार प्लॅटिनम आणि डिओचा द वर्ल्ड, दोन्ही एकाच जातीचे स्टँड. एकीकडून 'ओरा ओरा ओरा', दुसरीकडून 'मुदा मुदा मुदा'. मुदा म्हणजे व्यर्थ. मुठीवर मूठ, पानभर मुठीच मुठी, आणि त्यांच्यावरून धावणारी ठळक अक्षरं.

कागदावर काळ नसतो, चित्र गोठलेलं असतं. ती अक्षरं वाचायला मात्र वेळ लागतो, आणि वाचणाऱ्याचा तेवढा वेळ म्हणजेच ठोशांचा पाऊस. अॅनिमेत जे काम श्वासाने केलं, ते मांगात अक्षरांनी केलं. ओरड्याला ओरडा भिडला की बरोबरी कानांनाही कळते.

हे सगळं एकाच साप्ताहिकात घडलं याला कारण आहे. 'जंप' वाचकांकडून पोस्टकार्डांवर पसंती मागवायचं, आणि जी मांगा मागे पडेल तिच्यावर बंद होण्याची टांगती तलवार असे. लढाई रंगतदार हवी, आठवडेच्या आठवडे चालायला हवी आणि कोणाचा कोण तोडीचा हे नव्या वाचकाला एका पानात कळायला हवं. १९९४ च्या अखेरीस याच साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता.

त्यानंतर ठोसे कागदाबाहेर पडले. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' या गेममध्ये होंडाचे शंभर तडाखे आणि चुन-लीच्या शंभर लाथा आल्या. दोन्हींच्या जपानी नावांत तोच 'ह्याकुरेत्सु' शब्द आहे. श्वासाची जागा आता बटण बडवणाऱ्या बोटाने घेतली. १९९९ च्या 'मेट्रिक्स'मधल्या मारामाऱ्या बसवल्या युएन वू-पिंग यांनी, म्हणजे 'ड्रंकन मास्टर'च्याच दिग्दर्शकाने. तिथे सरावाच्या लढतीत निओच्या एका हाताचे अनेक हात दिसतात. हाँगकाँगहून जपानला गेलेला हात अमेरिकेत पोचला होता.

शरीराचं उत्तर

खऱ्या माणसाला हे जमेल का? डोळ्यांनी बघून हात हलवायला साधारण ०.२ सेकंद लागतो. चांगल्या बॉक्सरचा जॅब अनेकदा तेवढ्याच किंवा त्याहून कमी वेळात पोचतो. म्हणजे प्रत्येक ठोसा बघून अडवणं शक्यच नाही. अडवायचा तर तो निघण्याआधी, समोरच्याच्या खांद्यावरून आणि सवयीवरून ओळखावा लागतो.

१५ एप्रिल १९८५ रोजी लास वेगासमध्ये मार्विन हॅगलर आणि थॉमस हर्न्स लढले. पहिली फेरी बॉक्सिंगच्या इतिहासातल्या सर्वांत घणाघाती फेऱ्यांपैकी मानली जाते. तीन मिनिटं दोघं न थांबता एकमेकांना बडवत होते. पण तिथे ठोशाला ठोसा भिडत नव्हता, प्रत्येक ठोसा माणसाला लागत होता. हॅगलरचं कपाळ फुटलं आणि हर्न्सचा उजवा हात त्याच फेरीत मोडला. बारा फेऱ्यांसाठी ठरलेला सामना तिसऱ्या फेरीत, आठेक मिनिटांत, हॅगलरने संपवला. शरीर बरोबरीचा पाऊस फार वेळ सोसत नाही.

पाऊस थांबल्यावर

कथेत हात मोडत नाहीत. मग ही कोंडी फुटते कशी? जास्त वेगाने सहसा फुटत नाही. कैरोत डिओ वेळच थांबवतो, आणि जोतारो जिंकतो तो थांबलेल्या वेळेत हलायला शिकल्यावर. निओ आणि स्मिथ भुयारी स्टेशनात एकमेकांना झुंजवतात, पण निर्णय तेव्हा होतो जेव्हा निओला ते जगच कोड म्हणून दिसू लागतं. मग तो एका हाताने लढतो. ठोशांचा पाऊस लढाईचा निकाल लावत नाही. या नियमांत आता निकाल लागणार नाही, एवढंच तो जाहीर करतो.

पण त्याच पाच-सात सेकंदांत आणखी काहीतरी घडतं. केनशिरो आणि राओ एकाच गुरूच्या हाताखाली वाढलेले. क्रिलिन आणि त्याचे गुरू एकाच पद्धतीचे. दोन्ही स्टँड एकाच जातीचे. समोरच्याचा हात निघण्याआधी ओळखायचा असेल, तर तो हात आपल्यासारखाच घडलेला असावा लागतो. ज्या हालचाली सगळ्या जगाला धूसर दिसतात त्या स्पष्ट दिसणारा एकच माणूस असतो, आणि तो समोर आपल्याला हरवायला उभा असतो. दूर झाल्यावर ते दोघं हसतात ते म्हणूनच.

रिकिइशी मेल्यानंतर जो पुन्हा रिंगणात उतरला. ताकद तीच होती, वेग तोच होता. पण त्याला कोणाच्याही चेहऱ्यावर ठोसा मारता येईना. त्याचा ठोसा नेमका कुठवर येणार हे ज्याला कळत होतं, तो माणूस आता समोर नव्हता.