सुंभ बदला, पीळ ठेवा

मंडळी, आपल्या धंद्यात एक जुनं भांडण आहे. वीस वर्षांचा, ठिगळं लावलेला, पण चालणारा कोड पुढ्यात आला की काय करायचं? फेकून देऊन नव्याने लिहायचं, की डागडुजी करत पुढे न्यायचं? दोन्ही बाजूंची मंडळी हिरीरीने भांडतात आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. हेच भांडण मोटारींच्या जगात साठ वर्षं चाललंय, आणि तिथला सगळ्यात रंगतदार किस्सा आहे पोर्शे ९११ चा.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी '९०१' नावाने लोकांसमोर आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आमचा हक्क आहे, अशी तक्रार प्यूजोने केली, म्हणून ती ९११ झाली. दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, १३० हॉर्सपॉवरचं इंजिन. आणि ते कुठे? मागच्या चाकांच्याही मागे!

आता ही रचना म्हणजे सरळ सरळ बग आहे. नारळ बांधलेली काठी नारळाच्या उलट्या टोकाला धरून फिरवून बघा. वळणावर वेग जास्त झाला म्हणून ड्रायव्हरने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरची पकड सुटते आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. सुरुवातीच्या गाड्यांना पोर्शेने यावर केलेला उपाय वाचून कुठल्याही इंजिनिअरला हसू येईल: पुढच्या बंपरच्या आत दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोचं वजन! शुद्ध जुगाड. नंतर १९६९ च्या मॉडेलला जरा नीट पॅच आला. इंजिन होतं तिथेच ठेवून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली.

१९७२ च्या शेवटी आलेली कॅरेरा आरएस २.७ याच वाटेवरची. रेसिंगच्या नियमासाठी किमान ५०० गाड्या विकणं भाग होतं, विकल्या गेल्या १५८०. इंजिन २१० हॉर्सपॉवरचं झालं हे खरं, पण गंमत बाकीच्या कामात आहे. पत्रा पातळ, काचा पातळ, मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद, आणि मागे इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उचललेला भाग. वेगात गाडीचा मागचा भाग हलका होऊन उचलला जायचा, तो या शेपटीने दाबून धरला. म्हणजे ताकद वाढवताना गाडीच्या मूळ दुखण्यावरही औषध दिलं. आज ९११ मॉडिफाय करणारा प्रत्येक जण कळत नकळत याच गाडीची नक्कल करत असतो.

आणि मग पोर्शेने तेच केलं जे आपले मॅनेजर करतात. रीराइट! १९७७ मध्ये ९२८ आणली. इंजिन पुढे, आठ सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. १९७८ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' सुद्धा तीच ठरली. ९११ हळूहळू बंद करायची असं ठरत आलं होतं. १९८१ मध्ये पीटर शुट्झ नावाचे नवे प्रमुख आले. ते स्वतः सांगायचे तो किस्सा असा: हेल्मुट बॉट या मुख्य इंजिनिअरच्या ऑफिसात भिंतीवर उत्पादनाचा तक्ता होता. बाकी गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची मात्र १९८१ ला संपत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून ओढत नेली. ९२८ शेवटी १९९५ मध्ये बंद पडली. ९११ आजही बनतेय.

कारखान्याबाहेरही हेच चाललं होतं. बव्हेरियातल्या फाफेनहाउझेन गावात रूफ कुटुंबाचं गॅरेज होतं. धाकट्या अलोइस रूफनी १९८७ मध्ये सीटीआर बनवली, टोपणनाव 'यलोबर्ड'. दोन टर्बो, ४६९ हॉर्सपॉवर. पण हवेचा अडथळा कमी राहावा म्हणून त्यांनी रुंद ढांगांची टर्बो बॉडी न घेता साधी अरुंद बॉडी घेतली, आणि छताच्या कडेच्या पन्हाळ्या काढून टाकल्या. त्याच वर्षी एका अमेरिकन मासिकाच्या चाचणीत ती ताशी ३३९ किलोमीटर पळाली. पोर्शेची स्वतःची ९५९ मागे राहिली! इंजिन अर्थातच मागे.

मग येतात रॉब डिकिन्सन. इंग्लंडमधल्या एका रॉक बँडचे गायक, त्याआधी कार डिझाइन शिकलेले. त्यांनी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात 'सिंगर' सुरू केली. गिऱ्हाइकाने आपली ९६४, म्हणजे १९८९ ते १९९४ मधली ९११ आणायची. ही पिढी अनेक वर्षं नावडती होती, पण टॉर्शन बारऐवजी कॉइल स्प्रिंग आणि एबीएस असलेली, म्हणून कामाला सोयीची. ती पार नागडी होईपर्यंत सोलायची, पत्र्याच्या जागी बहुतेक ठिकाणी कार्बन फायबर बसवायचं, सस्पेन्शन, ब्रेक, वायरिंग सगळं नव्याने करायचं. मुळात इंजिन ३.६ लिटरचं, २५० हॉर्सपॉवरचं. २०१८ मध्ये दाखवलेल्या त्यांच्या डीएलएस गाडीत ते ४ लिटरचं आणि ५०० हॉर्सपॉवरचं झालं, तेही हवेवरच थंड होणारं. सल्लागार कोण? मूळ ९११ च्या इंजिनावर काम केलेले हान्स मेत्झगर. म्हणजे पन्नास वर्षांनी मूळ डेव्हलपरच कोड रिव्ह्यूला!

मग ही गाडी जुनी की नवी? कायद्याचं उत्तर मजेशीर आहे. त्याच २०१८ मध्ये पोर्शेने स्वतः एक जुनी शिल्लक बॉडी आणि मुख्यतः जुने सुटे भाग घेऊन ९९३ टर्बो बांधली आणि सत्तराव्या वर्धापनानिमित्त लिलावात विकली. प्रत्येक भाग अस्सल, पण चॅसी नंबर नवा. नियमाने ती नवी गाडी ठरली, नव्या गाड्यांच्या अटींत बसेना, म्हणून रस्त्यावर चालवायची सोय नाही. उलट सिंगरची गाडी जवळपास सगळी बदललेली, पण जुना नंबर कायम, म्हणून ती जुनीच.

मला नंबराचं उत्तर पुरेसं वाटत नाही. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' असं आपण हट्टी माणसाला टोमणा म्हणून म्हणतो. इथे तीच स्तुती आहे. पोर्शे, रूफ, सिंगर, सगळ्यांनी सुंभ बदलला. पीळ, म्हणजे मागे लटकलेलं ते इंजिन, या गाड्यांत कोणी हलवला नाही. तो दोष होता, पण वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांवर वजन असल्याने जी पकड मिळते, तीही त्याच दोषाची देणगी होती.

पण या सगळ्याची एक किंमत आहे. जुन्या गाडीला अनडू नसतं. सोललेली प्रत्येक ९६४ म्हणजे मूळ रूपातली एक कमी, आणि ती पिढी आता कोणी नव्याने बनवणार नाहीये. स्प्रिंगा, ब्रेक, चाकं परत बसवता येतात; कापलेलं मडगार्ड तसंच्या तसं परत येत नाही. त्यामुळे हाती जुनी गाडी असेल तर माझं मत सरळ आहे. आधी तिचा पीळ कुठला ते ओळखा. मग परत फिरवता येतील ते बदल करा, काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवा. करवतीचा नंबर सगळ्यात शेवटी.

२०२४ मध्ये ९११ ला हायब्रिड मोटर आली. इंजिन अजून मागेच आहे.

असो. उद्या सोमवार. कोणाचा तरी जुना कोड आपलीही वाट बघतोय :)