शेअर तारण, शेअरसाठीच कर्ज

मंडळी, आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारी रेल्वे 1863 मध्ये बोरघाट चढून पुण्याच्या लाईनला मिळाली आणि देशावरचा कापूस इथून मुंबईला उतरू लागला. अमेरिकेत यादवी चालू, मँचेस्टरला कापूस मिळेना. मुंबईत पैशाचा पूर! बॅकबे रेक्लमेशनचा 5000 रुपये भरलेला शेअर 50,000 च्या घरात गेला. समुद्र होता तिथंच होता बरं का.

खरी गोम बँक ऑफ बॉम्बेत. 1863 च्या कायद्यानं तिला शेअर तारण घ्यायची मुभा मिळाली. मग शेअर ठेवून कर्ज, कर्जातून नवे शेअर. प्रेमचंद रायचंदांचा शब्द असला की कर्ज मंजूर. याला नुसती लबाडी म्हणायला मी कचरतो. दार कायद्यानंच उघडलं होतं. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला. सरकारचंही भांडवल असलेली ती बँक 1868 मध्ये गुंडाळावी लागली.