मुंगी, खवलेकीड आणि परसातले झाड

कुंभकोणमजवळ तिरुनीलक्कुडी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील नीलकंठेश्वराचे देवालय प्राचीन असून सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांनी या क्षेत्रावर पदे रचली आहेत. देवालयातील फणसाच्या झाडाविषयी गावात एक श्रद्धा आहे. त्याचे फळ प्रथम देवाला अर्पण करावे. नैवेद्य न दाखविता कोणी ते बाहेर नेले, तर त्यात किडे पडतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य ज्या मुलखावर नांदले, त्या तंजावर प्रांतातील ही गोष्ट. श्रद्धेची चिकित्सा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कोणता तरी नियम मोडल्यावाचून कीड लागत नाही, ही जी समजूत या कथेत आहे, ती मला विचार करण्याजोगी वाटते. तो नियम कोणता, हे कळावयास माणसाला फार काळ लागला.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या परसात लिंबू, पेरू, सीताफळ किंवा आंबा असेल, त्यांनी एक दृश्य खचित पाहिले असेल. पाने काजळी धरल्यासारखी काळी पडतात, हात लावला तर चिकट लागतात आणि खोडावरून मुंग्यांची रांग अखंड वर-खाली चाललेली असते. आपण काजळी पुसतो, मुंग्यांना दूषणे देतो आणि खऱ्या चोराकडे आपले लक्षच जात नाही. तो फांदीला चिकटलेला असतो. पण तो कीटक आहे असेही वाटत नाही. सालीवरची पुळी किंवा मेणाचा ठिपका वाटावा असे त्याचे रूप. हीच खवलेकीड. कापसाच्या पुंजक्यासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण हा तिचाच भाऊबंद. अंड्यातून निघालेले पिल्लू काही काळ हिंडते, मनाजोगी जागा सापडली की सोंड रुतविते; पुष्कळ जातींतील मादी मग जन्मभर तेथून हलत नाही. अंगावर मेणाचे किंवा कवचाचे पांघरूण असल्यामुळे पाण्याचा फवारा तिला फारसा बाधत नाही.

झाडाच्या रसात साखर पुष्कळ आणि पोषक द्रव्ये थोडी. म्हणून ही कीड रस भरमसाट पिते आणि जास्तीची साखर गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. त्या गोडव्यावर काळी बुरशी वाढते आणि त्या गोडव्यासाठीच मुंग्या येतात. गवळ्याने गाई राखाव्या तशा त्या किडीला राखतात. तिच्यावर टपलेले ढालकिडे आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या यांना त्या हुसकावून लावतात. कठीण कवचाच्या काही जाती गोड थेंब देत नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. पण मुंग्यांच्या वर्दळीने शत्रू दूर राहिले, की त्यांचेही आयतेच फावते.

आपल्या पूर्वजांनी या रोगाकडे वैद्याच्या नजरेने पाहिले. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. रोगट झाडाचा दूषित भाग शस्त्राने खरवडावा, वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा व दूध-पाणी शिंपावे, असा उपचार त्यात आहे. दुधातुपाचे सोडा, पण खरवडणे आणि लेप देऊन झाकणे हे खवलेकिडीला आजही लागू पडते. चिनी लोकांनी निराळी वाट धरली. इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या एका चिनी ग्रंथात, दक्षिणेकडील बाजारात लाल मुंग्यांची घरटी विकावयास येतात आणि लोक ती संत्रावर्गीय झाडांवर नेऊन ठेवतात, अशी नोंद आहे. पाने शिवून घरटी करणाऱ्या, कोकणात ओंबील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंग्यांचीच ही जात. मोठे ढेकूण आणि अळ्या यांचा त्या फडशा पाडतात. कीटकाकडून कीटकाचा बंदोबस्त करण्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण म्हणतात. गंमत अशी, की हीच राखणदार मुंगी खवलेकिडीचीही राखण करते. एका शत्रूसाठी नेमलेला पहारेकरी दुसऱ्याला घरात घेतो!

या गुंत्याचा उलगडा झाला तो कॅलिफोर्नियात. तेथील संत्र्यांच्या बागांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातून एक पांढरी, कापसासारखी खवलेकीड आली आणि बागा ओस पडू लागल्या. औषधे हरली. तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्यातील कीटकतज्ज्ञ रायली यांनी साधा प्रश्न विचारला: मायदेशी ही कीड एवढी माजत का नाही? १८८८ मध्ये त्यांनी कोबेले नावाच्या साहाय्यकास ऑस्ट्रेलियास धाडले. खात्याला परदेश प्रवासावर खर्च करण्याची मनाई होती, म्हणून मेलबर्नच्या प्रदर्शनास जाणाऱ्या शिष्टमंडळात त्याचे नाव घालण्यात आले. सरकारी कारभाराशी परिचय असलेल्यांस या युक्तीचे नवल वाटू नये. त्याने शोधलेले लाल-काळे ढालकिडे तीन खेपांत मिळून अवघे १२९ पोहोचले. लॉस एंजेलिसमध्ये एका संत्र्याच्या झाडावर तंबू उभारून त्यात ते सोडण्यात आले. १८८९ सरण्यापूर्वी त्यांच्या प्रजेने बागा मोकळ्या केल्या.

यानंतरची घटना मला अधिक बोलकी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागांत डी.डी.टी. फवारले गेले. ढालकिडे मेले, खवलेकीड तगली आणि पन्नास-साठ वर्षे निपचित पडलेला शत्रू पुन्हा उठला. बागाइतदारांवर ढालकिडे विकत घेण्याची पाळी आली. मुंगी एका झाडावर जे करते, तेच विषाने साऱ्या प्रांतात केले. किडीचे शत्रू दूर केले, एवढेच.

आपल्या देशातही हा इतिहास घडला आहे. कॉफीवरील हिरव्या खवलेकिडीसाठी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून दक्षिण हिंदुस्थानात क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा आणला गेला. नेमून दिलेले काम त्याने केले नाही. तो पिठ्या ढेकणावर जगला, आणि आज महाराष्ट्रातील द्राक्षबागांत त्याच कामासाठी तो सोडतात. पुढे निलगिरीत वॅटलच्या झाडांवर कॅलिफोर्नियातली ती पांढरी कीड आढळली, तेव्हा कोबेलेने शोधलेल्या ढालकिड्याचे वंशज आणून तिला आवरण्यात आले. अगदी अलीकडे, २००८ मध्ये, पपईवरील पिठ्या ढेकूण कोइमतूरला प्रथम दिसला आणि पाहता पाहता पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद यांवर पसरत महाराष्ट्रातही आला. शेतकऱ्यांनी फवाऱ्यावर फवारे मारले. मेणाखालची कीड राहिली, खर्च मात्र वाढला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तिळाहूनही लहान अशा गांधीलमाश्या आणून बेंगळुरूच्या कीटकविषयक ब्यूरोने त्या वाढविल्या व सोडल्या. कीड ओसरली. किती पंप फवारले याचा तक्ता सरकारी कचेरीत भरता येतो. या माशीने किती झाडे वाचविली याला रकाना नसतो, म्हणून असल्या कामाची वाखाणणी थोडी होते.

परसातल्या एका लिंबासाठी कोणी ऑस्ट्रेलियास जाणार नाही. जाण्याची गरजही नाही. किडीचे शत्रू बहुधा आसपास असतातच, त्यांना वाट मोकळी करून द्यावयाची. जमिनीपासून हातभर उंचीवर खोडाला कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि तिच्यावर चिकट लेप लावावा. लेप थेट सालीवर लावू नये, कोवळी साल पोळते. पट्टीवर धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचल्या, की त्यांचाच पूल होतो, म्हणून आठवड्याला लेप ताजा करावा. भिंतीला टेकलेली फांदी, झाडाला बांधलेली कपड्यांची दोरी, बुंध्याशी वाढलेले गवत यांतला एक जरी मार्ग उरला, तरी मुंगी तो शोधते. फार लडबडलेल्या डहाळ्या कापून जाळाव्या. उरलेल्या फांद्या साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने चोळाव्या. तेवढ्याने भागले नाही, तर निंबोळीचे तेल साबणाच्या पाण्यात घुसळून उन्हे कलल्यावर पानांच्या पाठीवर फवारावे. तेलाने किडीची श्वासरंध्रे बुजतात. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. खवल्यांना बारीक गोल भोके पडलेली दिसली, तर ती गांधीलमाशी बाहेर पडल्याची खूण समजावी आणि तेलाची बाटली फडताळात ठेवून द्यावी.